मुद्दल वारशाचे, दर राहणीचा

‘आमच्या घराण्यातच साखर आहे,’ हे वाक्य व्यापारी कुटुंबांतून दोन अगदी वेगळ्या सुरांत ऐकू येते. आजोबांना मधुमेह होता, वडिलांना पन्नाशीत निघाला. म्हणून थोरला मुलगा पस्तिशीपासून दरवर्षी रक्त तपासून घेतो, पहाटे फिरायला जातो आणि दिवाळीत पेढीवर आलेल्या मिठाईच्या खोक्यांना हात लावीत नाही. धाकटाही तेच वाक्य म्हणतो, आणि दुसरी जिलेबी उचलतो. रक्तातच आहे तर टळणार थोडेच, असा त्याचा हिशेब. एकाच वाक्यातून एकाने सावधपणा घेतला, दुसऱ्याने सवलत घेतली.

या दोघांपैकी कोणाचा हिशेब बरोबर, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो संख्याशास्त्राचाही आहे. वारशाने मिळालेली जनुके आणि माणसाची राहणी, म्हणजे आहार, श्रम, व्यसन, ताण, आईच्या पोटातील पोषण, ही दोन्ही एकत्र आल्यावर नेमके काय घडते, याचा अभ्यास गेली शंभर वर्षे चालू आहे. त्याला जनुक आणि परिस्थिती यांच्या आंतरक्रियेचा अभ्यास म्हणतात. नाव जड असले, तरी त्यातील मूळ कल्पना व्यापारी घरांना नवी नाही. ती व्याजाच्या हिशेबात रोज वापरली जाते.

व्याजातील वाटा कोणाचा?

एक लाख रुपये दहा टक्के दराने वर्षभर ठेवले, तर दहा हजार रुपये व्याज मिळते. आता कोणी विचारले की, या दहा हजारांतील किती रुपये मुद्दलाने मिळवले आणि किती दराने, तर दिवाणजी हसून मान हलवील. मुद्दल नसेल तर दर निरुपयोगी, आणि दर नसेल तर मुद्दल निष्फळ. व्याज हा दोघांचा गुणाकार आहे. त्याची वाटणी होत नाही.

तरीही एक प्रश्न अर्थपूर्ण राहतो. मुद्दल दुप्पट केले, दर तोच ठेवला, तर व्याज वीस हजार होते, म्हणजे दहा हजारांनी वाढते. मुद्दल तेच ठेवून दर दुप्पट केला, तरीही दहा हजारांचीच वाढ. मग दोन्ही दुप्पट केले तर? बेरजेने विचार करणारा म्हणेल, दहा अधिक दहा अधिक दहा, एकूण तीस हजार. प्रत्यक्षात हाती येतात चाळीस हजार. हे वरचे दहा हजार ना एकट्या मुद्दलाचे, ना एकट्या दराचे. ते दोघांच्या एकत्र येण्याचे आहेत. संख्याशास्त्रातील आंतरक्रिया ती हीच.

मात्र येथेच एक मेख आहे. तोच हिशेब पटीने मांडला, तर मुद्दलाने व्याज दुप्पट होते, दरानेही दुप्पट, आणि दोन्ही मिळून चौपट. यात अनपेक्षित काहीच नाही, वरकड शून्य. म्हणजे आंतरक्रिया आहे की नाही, याचे उत्तर बेरजेचे माप लावले की पटीचे, यावर अवलंबून असते. जनुकांविषयीचे पुष्कळ वाद केवळ एवढी एक गोष्ट न सांगितल्यामुळे झाले आहेत.

बटाट्याच्या शेतातून सुरुवात

या विचाराची पहिली शास्त्रीय मांडणी माणसांवर झाली नाही. ती बटाट्यांवर झाली. इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये रुजू झाले. १९२३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह बटाट्याच्या बारा वाणांवरील खतांच्या प्रयोगाचा हिशेब प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता की, सगळे वाण एखाद्या खताला सारखाच प्रतिसाद देतात, की काही वाणांना ते अधिक मानवते? उत्पन्नातील फरकांची वाण, खत आणि दोहोंची जोडी अशी फोड करण्याची पद्धत त्यांनी येथे वापरली. लक्षणीय बाब ही की, फिशर यांनी बेरजेचे सूत्र आणि गुणाकाराचे सूत्र अशी दोन्ही लावून पाहिली, आणि त्या आकड्यांना गुणाकाराचे सूत्र अधिक जुळले.

पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४६ मध्ये निसर्गदत्त गुण आणि संगोपन यांच्या आंतरक्रियेवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेत आले आणि भारतीय नागरिक झाले. त्यांच्या मांडणीचा गाभा आपल्याकडच्या उदाहरणाने सहज समजतो. भरपूर हिरवा चारा, पाणी आणि सावली असलेल्या गोठ्यात संकरित गाय खिलार गाईपेक्षा कितीतरी अधिक दूध देते. परंतु माणदेशातील कडक उन्हात, कोरड्या वैरणीवर खिलार तग धरते आणि संकरित गाय आजारी पडते. मग चांगली जात कोणती? गोठा कोणता, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

एका व्यापारी समाजाचा धडा

माणसांतील आंतरक्रियेचे एक स्वच्छ उदाहरण आंध्र, तेलंगण आणि आसपासच्या प्रदेशांतील वैश्य या व्यापारी समाजात सापडते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलिन नावाचे औषध वापरले जाते. सामान्य माणसाच्या रक्तातील एक विकर त्याचे काही मिनिटांत विघटन करते. वैश्य समाजातील काही व्यक्तींमध्ये हे विकर तयार करणाऱ्या जनुकात दोष असतो, आणि त्याचे प्रमाण इतर समाजांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. अशा व्यक्तीला ते औषध दिले, तर श्वासाचे स्नायू तासन्‌तास लुळे राहतात आणि यंत्राच्या साहाय्याने श्वास चालू ठेवावा लागतो.

येथे जनुकदोष असूनही माणूस सारे आयुष्य निरोगी जगू शकतो, कारण ते औषध त्याच्या वाट्याला कधी आलेच नाही. औषधही लाखो रुग्णांना निर्धोक आहे. अपाय होतो तो केवळ दोन्ही एकत्र आल्यावर. ‘दोष जनुकाचा किती टक्के आणि औषधाचा किती टक्के’ हा प्रश्न येथे किती पोकळ आहे, ते उघड दिसते.

असे का घडले? पिढ्यान्‌पिढ्या विवाह समाजातच होत राहिले, तर एखाद्या पूर्वजाकडील दुर्मीळ जनुक वंशजांत वारंवार भेटू लागते. दक्षिण आशियातील २६३ समाजगटांच्या २०१७ मधील एका अभ्यासात ८१ गटांमध्ये अशा मर्यादित पूर्वजांच्या खुणा अतिशय ठळक आढळल्या. आपसांत विवाह करणाऱ्या प्रत्येकच समाजाने यातून एक साधी गोष्ट घ्यावी: घरात कोणाला भुलेच्या वेळी त्रास झाला असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावे. घराण्याची अशी माहिती जमाखर्चाच्या वह्यांइतकीच जपून ठेवण्याजोगी आहे.

हृदयविकाराचा ताळेबंद

मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब यांचे गणित इतके सरळ नसते. त्यांत एक जनुक नसून अनेक जनुके थोडाथोडा हात लावतात. त्यामुळे शास्त्रज्ञ अनेक जनुकांची एकत्रित गुणसंख्या काढतात आणि लोकांचे कमी, मध्यम आणि अधिक जोखमीचे गट पाडतात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५५,६८५ व्यक्तींची माहिती अशा रीतीने तपासली गेली. धूम्रपान नसणे, स्थूलता नसणे, आठवड्यातून निदान एकदा व्यायाम आणि आरोग्यदायी आहार या चार गोष्टींपैकी किमान तीन असणाऱ्यांची राहणी चांगली मानली. एक किंवा एकही नसणाऱ्यांची वाईट. त्यांतील अमेरिकेतील एका गटाचे दहा वर्षांचे आकडे दर हजारी मांडले, तर चित्र असे दिसते.

जनुकीय जोखीम कमी आणि राहणी चांगली: हजारांत ३१ जणांना हृदयविकाराचा प्रसंग.
जनुकीय जोखीम कमी, पण राहणी वाईट: ५८.
जनुकीय जोखीम अधिक, पण राहणी चांगली: ५१.
जनुकीय जोखीम अधिक आणि राहणीही वाईट: १०७.

आता व्याजाचा हिशेब आठवावा. पायाचा आकडा ३१. वाईट राहणीने त्यात २७ वाढले. वाईट वारशाने २० वाढले. बेरजेने दोन्ही मिळून ७८ व्हायला हवेत. प्रत्यक्षात झाले १०७. वरकड २९ माणसे ही वारसा आणि राहणी यांच्या संगतीची देणगी. पटीने पाहिले, तर मात्र दोन्ही गटांत चांगल्या राहणीने जोखीम जवळजवळ निम्म्यावर आणली, आणि आंतरक्रियेचा ठोस पुरावा त्या मापाने मिळाला नाही.

दोन्ही मापे खरी आहेत. पण कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे कोणते? कर्जदाराला शेवटी रुपये भरायचे असतात, पटी नव्हे. त्याचप्रमाणे घरात माणूस वाचतो, टक्का वाचत नाही. चांगल्या राहणीने कमी जोखमीच्या हजारांत २७ जणांचा प्रसंग टळतो. अधिक जोखमीच्या हजारांत ५६ जणांचा. म्हणजे ज्याचा वारसा वाईट, त्याच्या पदरात चांगल्या राहणीचे फळ दुपटीने पडते. धाकट्याच्या हिशेबातील चूक नेमकी येथे आहे. मुद्दल मोठे आहे म्हणून दराकडे दुर्लक्ष करायचे नसते. मुद्दल मोठे असते तेव्हाच दराचा एकेक टक्का महाग पडतो.

या आकड्यांनाही मर्यादा आहे. ही माणसे आपल्या मर्जीने व्यायाम करणारी किंवा न करणारी होती. जो व्यायाम करतो, तो कदाचित इतर बाबतींतही निराळा असतो. शिवाय हा गट युरोपीय वंशाचा होता. दिशा घ्यावी, आकडा जसाच्या तसा उचलू नये.

चिठ्ठी टाकून केलेला प्रयोग

मर्जीची ही अडचण टाळण्याचा एक मार्ग म्हणजे राहणी चिठ्ठी टाकून ठरवणे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या प्रसिद्ध प्रयोगात तसे केले गेले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींना दैवयोगाने गटांत विभागले. एका गटाला वजन सात टक्क्यांनी घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे श्रमाचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला मेटफॉर्मिन, तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. २००२ मध्ये निष्कर्ष आले: निष्क्रिय गोळीच्या तुलनेत राहणीतील बदलाने मधुमेह ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ भारतीयांवर केलेल्या प्रयोगातही, २००६ च्या अहवालानुसार, राहणीतील बदलाने २८.५ टक्के घट दिसली.

मधुमेहाशी सर्वांत ठळक नाते असलेले टीसीएफ७एल२ हे जनुक अमेरिकेच्या या प्रयोगातील लोकांमध्ये तपासले गेले. पुण्यातील रुग्णांवरील अभ्यासातही त्याचे मधुमेहाशी नाते दिसले आहे. २००६ मधील निष्कर्ष असा की, निष्क्रिय गोळीच्या गटात या जनुकाची दोन्ही प्रतिकूल रूपे असणाऱ्यांची जोखीम, एकही नसणाऱ्यांच्या १.८० पट होती. राहणी बदललेल्या गटात ती केवळ १.१५ पट. वारशाचा बोजा जणू उतरला! परंतु प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञ येथे थांबतो. या दोन आकड्यांतील फरक योगायोगाने पडला नसेलच, अशी खात्री देण्याइतका हा प्रयोग मोठा नव्हता. फरक आशादायक, शिक्का मात्र अद्याप बसलेला नाही.

वरकड शोधणे इतके अवघड का?

आंतरक्रिया म्हणजे फरकांमधील फरक. एका फरकाची चूक असते, दुसऱ्याचीही असते, आणि वजाबाकी केल्यावर चुका मात्र वजा होत नाहीत; त्या साचतात. म्हणून एकट्या कारणाचा परिणाम पकडण्यास जेवढी माणसे लागतात, त्याच्या निदान चौपट माणसे तेवढीच मोठी आंतरक्रिया पकडण्यास लागतात. त्यात जनुक प्रयोगशाळेत अचूक मोजता येते, पण राहणी? गेल्या महिन्यात किती तेल खाल्ले, हे घरातील गृहिणीलाही नेमके सांगता येणार नाही. वहीची एक बाजू पक्की आणि दुसरी आठवणीवर लिहिलेली असेल, तर ताळा जुळणे कठीण.

एक चतुर पद्धत आहे: केवळ रुग्णांचीच तपासणी करणे. बँकेतील थकीत कर्जांची यादी घ्यावी. त्यात नवे दुकान आणि उधारीवरील विक्री या दोन गोष्टी एकत्र फार वेळा दिसल्या, तर त्या जोडीवर संशय घेता येतो. पण केव्हा? एरवी त्या दोन गोष्टी एकमेकींशी संबंधित नसतील तरच. जनुके कित्येकदा राहणीच ठरवतात. पूर्व आशियातील अनेकांना एका जनुकामुळे मद्याचा घोट घेताच चेहरा लाल होऊन मळमळते, म्हणून ते मद्य टाळतात. अशा वेळी जनुक आणि सवय आधीच हातात हात घालून चालत असतात, आणि ही पद्धत फसवते.

सर्वांत मोठा धोका मात्र अधीरतेचा. हजार व्हाउचरे चाळली की त्यांतील काही केवळ योगायोगानेही संशयास्पद वाटतात. वीसांत एक चूक चालेल असे ठरवून दहा लाख जनुकीय स्थळे तपासली, तर पन्नास हजार खोटे शोध हाती येतील. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातील ८४७ तरुणांच्या अभ्यासातून एक खळबळजनक निष्कर्ष आला: एका विशिष्ट जनुकाचे आखूड रूप असणाऱ्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य अधिक येते. पुढे अनेकांनी त्यावर काम केले. २००९ मध्ये चौदा अभ्यासांतील १४,२५० व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा ती आंतरक्रिया दिसेनाशी झाली. आघातांचा नैराश्याशी असलेला संबंध मात्र स्पष्ट राहिला. मानसिक आजारांवरील अशा पहिल्या दशकातील १०३ अभ्यासांचा आढावा २०११ मध्ये घेतला गेला. नव्याने जाहीर झालेल्या शोधांपैकी ९६ टक्के यशस्वी. फेरतपासणीत टिकलेले अवघे २७ टक्के. फेरलेखापरीक्षणाशिवाय ताळेबंदावर सही करू नये, हा नियम शास्त्रालाही लागू आहे.

म्हणूनच थुंकीच्या नमुन्यावरून ‘आपणास कोणता आहार मानवेल’ असे सांगणारा महागडा अहवाल समोर आला, तर एवढे तरी विचारावे: हा निष्कर्ष किती माणसांवरून, कोणत्या लोकांवरून, आणि तो दुसऱ्या कोणी पडताळला आहे काय?

पहिली परिस्थिती आईच्या पोटात

‘घराण्यातील साखर’ सगळीच जनुकांतून येते असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही किरकोळ दिसणारी बाळे स्नायूंत कमी असूनही चरबीत तितकी कमी नव्हती. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो म्हणून निर्धास्त राहणे किती चुकीचे, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

शाकाहारी घरांनी या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष लक्षात ठेवावा. या गर्भवतींपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ते कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. येथेही दोन गोष्टींची संगतच महत्त्वाची ठरली. शाकाहारात ब-१२ मुख्यतः दुधादह्यातून मिळते. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाआधी ते तपासून घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कमतरता भरून काढणे, हा येणाऱ्या पिढीच्या वारशात भर घालण्याचाच एक मार्ग आहे.

दोघा भावांचा हिशेब

आता त्या दोघा भावांकडे पुन्हा वळावे. त्यांचा वारसा ‘एकच’ आहे, हे त्यांचे गृहीतही पुरते खरे नाही. सख्ख्या भावांत जनुकीय वारशाचा सरासरी निम्माच भाग समान असतो. वडिलांच्या तिजोरीतून कोणाच्या वाट्याला किती आले, हे धाकट्याला ठाऊक नाही आणि थोरल्यालाही नाही. थोरल्याला कदाचित हलका वाटा मिळाला असेल. त्याच्या पहाटेच्या फेऱ्या तरीही वाया जाणार नाहीत. धाकट्याच्या वाट्याला भारी आला असेल, तर त्या फेऱ्यांची गरज त्यालाच अधिक.

वारसा निवडता येत नाही आणि तो नाकारताही येत नाही. पण मुद्दल कितीही असो, दराचा आकडा पुष्कळ अंशी घरातच ठरतो: स्वयंपाकघरात, पेढीच्या गादीवर, पहाटेच्या रस्त्यावर. ‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ हे वाक्य त्यामुळे खोटे नाही; ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचा असतो.